मोगली एरंडाच्या अलीकडे-पलीकडे

आमच्या आणि काकूंच्या परसामध्ये भिंत नाही, मोगली एरंडाची वई आहे. त्या वईत एक खिंडार आहे. ते बकरीला पुरत नाही, पण विरजणाची वाटी, कढीलिंबाची फांदी आणि गावभरच्या बातम्या आरपार जाण्याइतकं ऐसपैस आहे. पेणच्या आळ्यांमधून पूर्वी अशी खिंडारं पुष्कळ होती. आता भिंती आल्या, वर काचा लावल्या, आणि बातम्या मोबाइलवरून फिरू लागल्या. त्यांना चव नाही. वईवरची बातमी ताजी असते, शिवाय सांगणाऱ्याचं तोंड बघता येतं.

वैशाखातली सकाळ. काकूंनी खाटेवर जुनं धोतर अंथरून पोह्याचे पापड वाळत घातले होते. हातात काठी होती, पण ती कावळ्यांसाठी. तीच काठी एरंडाच्या बुंध्यावर आपटून त्यांनी मला हाक मारली.

"ऐकलंस का गं?" एवढं म्हणून त्यांनी मागे वळून घरात कुणी नाही ना ते पाहिलं. घरात कुणीच नसतं. पण बातमीचा मान म्हणून बघायचं.

"काय झालं काकू?"

"चिरंजीवांचा फोन होता. म्हणे, आई, तो रानटी एरंड मुळासकट काढ, पावसाच्या आत कंपाउंड घालून घेऊ. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, पेणच्या जागांना सोन्याचा भाव आला, आणि आपली हद्द काय, तर काठ्या!"

"मग? काढताय?"

"काढते! खारघरात बसून सांगायला त्याचं काय जातं? इथे बकऱ्या कोण हाकणार, तो?"

बकरीचं नाव काढायला आणि मागच्या गल्लीतली तांबडी बकरी यायला एकच गाठ पडली. ती वईशी आली, मान वर करून एक कोवळं पान हुंगलं, वरचा ओठ उचलून दात दाखवले आणि सरळ पुढे गेली. ही बकरी पेपर खाते, गोणपाट खाते, मागच्या गणपतीत तिने पलीकडच्या कारखान्यातल्या मूर्तीचं फेट्याचं कापडही खाल्लं होतं. पण मोगली एरंडाला तिने आजवर तोंड लावलेलं नाही.

"बघ," काकू म्हणाल्या, "भिंत असती तर चढून आली असती."

यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही. कुंपणासाठी कोकणातल्या माणसांनी हे झाड निवडलं ते उगाच नव्हे, कारण त्याच्यासाठी फारसं काही करावं लागत नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीच्या काठ्या तोडायच्या, हातभर अंतराने जमिनीत ठोकायच्या आणि विसरून जायचं. मृगाचे चार शिंतोडे पडले की काठीला डोळे फुटतात. खत नको, पाणी नको, राखण नको. माघ-फाल्गुनात पानं झडून जातात, मग वैशाखापर्यंत नुसत्या राखाडी-हिरव्या काठ्या उभ्या. त्यांच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. गेल्या हंगामातलं एखादं सुकलेलं बोंड टोकाला लोंबत असतं, तीन फाकांत उकललेलं, आणि प्रत्येक फाकेत एकेक काळं, लांबट बी. आमच्याकडे नुकतीच पालवी आली होती, तांबूस छटेची. आठवड्याभरात तळहाताएवढी होईल.

"आणि खरं सांगू का," काकूंनी आवाज खाली घेतला. त्यांचा खालचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो. "भिंत घालायची म्हटलं की मोजणी आणावी लागते. मोजणी आणली की क-प्रत निघते. क-प्रत निघाली की कुणाची वई किती चालली ते कळतं."

"वई चालते?"

"चालते बाई! तू इतकी वर्षं शिकवलंस काय मग? दरवर्षी दोन-चार काठ्या मरतात. मेलेलीच्या जागी नवी ठोकायची, तर माणूस ती जुन्या बुंध्याच्या भोकात ठोकतो का? ठोकतो बाहेरच्या अंगाला, वीतभर. यंदा वीत, पुढच्या वर्षी वीत. त्या कोपऱ्यावरच्यांची बघ. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी वई विहिरीच्या अलीकडे होती, आता विहीर आत आहे. विहीर सरकली का?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. विहिरीच्या कठड्यावर त्यांच्या घरातलं कुणीतरी दात घासत होतं, म्हणून आम्ही दोघींनी मिळून आकाशाकडे पाहिलं.

"आपल्या मधली मात्र जागची आहे हो," मी म्हटलं.

"आहे ना. दोन्हीकडून सारखीच लावत आलोय आपण."

हे उत्तर मला नीट कळलं नाही, आणि कळवून घ्यायची हौसही नव्हती.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत असे, हे काकूंना माहीत आहे आणि त्याचा त्यांना अधूनमधून त्रास होतो. त्यांच्या मते झाडाबद्दल बोलण्याचा अधिकार ज्याने ते लावलं त्याचा. तरीही रोहा हे त्यांचं माहेर असल्यामुळे त्यांना हा विषय अगदीच परका नाही. कुणी वनस्पतीशास्त्राचं नाव काढलं की त्या हटकून म्हणतात, "आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख! केंब्रिजला वनस्पतीशास्त्रातलं बक्षीस मिळवलं होतं त्यांनी." हे खरं आहे. १९१७ साली त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं, ते वनस्पतीशास्त्रासाठीच. पुढे ते आयसीएस झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले. काकूंच्या लेखी या सगळ्याची पायरी बक्षिसाच्या खालची. पेणवाल्यांनी विनोबा गागोद्याचे, म्हणजे आमच्या तालुक्याचे, एवढं सांगून हा सामना बरोबरीत सोडवायचा असतो.

"बरं, तुझं शास्त्र काय म्हणतं? हा आपलाच ना एरंड?"

"मुळीच नाही. अमेरिकेतला, मेक्सिको नि त्याच्या आसपासचा. पोर्तुगीजांनी जहाजांतून जगभर नेला असं मानतात. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर तर त्यांनी त्याची लागवडच केली होती. तिथल्या बिया लिस्बनला जायच्या, साबणासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी."

"पोर्तुगीज म्हणजे रेवदंड्याचे?"

"तेच. १७४० पर्यंत तिथे होते."

"आणि आमची कुंडलिका कुठे मिळते समुद्राला? रेवदंड्याला! म्हणजे आधी तो रोह्याला आला असणार, मग पेणला." काकूंनी निकाल दिला. पुरावा काहीच नव्हता, पण भूगोल बिनचूक होता, त्यामुळे मी गप्प बसले.

या झाडाचं शास्त्रीय नाव जॅट्रोफा कर्कस. लिनियसने १७५३ साली ठेवलं. जॅट्रोफा हे कुळातल्या एका मोठ्या शाखेचं नाव, तिच्यात पावणेदोनशेच्या आसपास जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. खरा एरंड, ज्याचं तेल आपल्याला लहानपणी नाक दाबून पाजत, तो याचा चुलत भाऊ. शाखा निराळी, घराणं एक. हे घराणं म्हणजे एक प्रकरणच आहे, आणि मी ते काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले, कारण दुसऱ्याच्या घराण्यातल्या भानगडी हा त्यांचा आवडता प्रांत.

"शेर आहे ना, कुंपणाला लावतात तो बिनपानांचा, चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणतात, तो याच घरातला. निवडुंगासारखा दिसणारा थोर, तोही. वढाव-शिर्कीच्या खारेपाटात खाडीकडेला गेवा असतो, त्याचाही चीक डोळ्यांना तसाच वाईट. ते लाकूड तोडताना जपून राहावं लागतं. रबराचं झाड याच घरातलं. नाताळात कुंड्यांतून विकतात ते लाल पानांचं पॉइन्सेटिया, तेही."

"एकूण सगळे चिकट आणि तापट."

"सगळे नाहीत. तुमचा साबुदाणा याच घरातला."

काकूंची काठी हवेत थांबली. "एकादशीचा?"

"एकादशीचाच. टॅपिओका म्हणून कंद असतो, त्याच्या पिठाचा. आणि आवळा पूर्वी याच घरात धरत, पण शास्त्रज्ञांनी नव्याने तपासणी केली तेव्हा त्याची वाटणी झाली. आता आवळ्याचं घराणं वेगळं."

"बरं झालं बाई," काकू मनापासून म्हणाल्या. "आवळा तसा सज्जन. त्याचं नाही जमलं असतं यांच्यात."

जॅट्रोफा शाखेतले आणखी काही आपल्या ओळखीचे आहेत, फक्त ओळख दाखवत नाहीत. रस्त्याकडेला, पडीक जागेत तांबूस, चिकट पानांचं आणि गडद लाल बारीक फुलांचं झुडूप उगवतं, ते त्यातलंच. कुणी लावत नाही, कुणी काढत नाही. कुंडीत बाटलीसारखं फुगलेलं खोड आणि वर शेंदरी फुलांचा तुरा असतो, ते त्यातलं. बंगल्यांच्या फाटकाशी बारा महिने लाल फुलं देणारं, फुलपाखरांना आवडणारं झुडूप मूळचं क्युबाकडचं, तेही त्यातलं. आणि एक अगदी आपली आहे, पुण्याकडच्या माळांवरची बुटकी किरकुंडी. डाल्झेल आणि गिब्सन या दोघांनी १८६१ साली आपल्या 'बॉम्बे फ्लोरा'त तिची नोंद केली. वावभर वाढणाऱ्या विलायती भावंडांमध्ये ही जेमतेम गुडघ्याएवढी. तिला ना कुणी कुंपणाला लावलं, ना कुंडीत. माळांवर घरं उठली तशी ती दुर्मीळ झाली.

"चीक म्हटलास म्हणून आठवलं," काकू म्हणाल्या. त्यांनी खिंडारातून हात घालून आमच्या बाजूचं एक पान देठासकट खुडलं. आमच्या बाजूचंच, हे नोंदवून ठेवते. देठ हलकेच मध्ये मोडला, पण साल तुटू दिली नाही, आणि दोन तुकडे जरा फाकवले. मधल्या फटीत चिकाचा पडदा धरला, पातळ, काचेसारखा. त्यावर त्यांनी हळूच फुंकर घातली. एक फुगा निघाला, त्याच्यामागे दुसरा, बारीक बारीक पाच-सात, उन्हात निळे-तांबडे होत पापडांवरून तरंगत गेले.

पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. मला म्हणाल्या, "तुला येतं?"

मला येतं. कोकणात शाळेत गेलेल्या कुणालाही येतं. त्या चिकाचे तपकिरी डाग गणवेशाच्या सदऱ्यावर पडतात, ते धुतल्याने जात नाहीत आणि त्यावरून घरोघरी मार पडतो. रोह्याला काकूंच्या आजी कापल्यावर हाच चीक लावायच्या, त्याने रक्त थांबतं. हिरड्या सुजल्या की याचीच काडी चावायची. हे उपाय ऐकीव आहेत आणि त्यांच्यात तथ्य आहे, पण चीक पोटात जाऊ देण्याचा नाही, आणि बीला तर हातच लावायचा नाही.

इथे गप्पांचा सूर थोडा बदलला, कारण काकूंचे अण्णा, म्हणजे पाठचे भाऊ, यांनी लहानपणी त्या बिया खाल्ल्या होत्या.

"चवीला वाईट नसतात ना गं," काकू सांगू लागल्या. "तीच तर खोड आहे. कडू असत्या तर थुंकला असता. काळं टरफल फोडलं की आत पांढरा गर, शेंगदाण्यासारखा, गोडसर. चार पोरं होती. घरी आली ती आडवीच. ओकाऱ्या, जुलाब, डोळे आत गेलेले. आईने मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, आणि बैलगाडीने रोह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. वाचला."

आजही पावसाळा सरला, बोंडं पिकली की 'चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा' अशी बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावाहून येते. चंद्रज्योत म्हणजे हाच. शाळेच्या कुंपणाला हे झाड आणि मधल्या सुट्टीत भूक, असा तो योग असतो. बीमध्ये कर्सिन नावाचं विषारी प्रथिन असतं, शिवाय फॉरबॉल एस्टर नावाची द्रव्यं असतात, आणि यावर खास असा उतारा नाही. ओकारी-जुलाबाने अंगातलं पाणी जातं, ते भरून काढणं हाच उपचार. बहुतेक मुलं दोन दिवसांत हिंडू लागतात, पण वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, मूल किती बिया खाल्ल्या म्हणतं ते विचारायचं आणि एखादं बोंड सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही. बोटं घालून ओकवण्याचा पराक्रम घरी करू नये. मेक्सिकोत याचीच एक बिनविषारी जात आहे, तिथले लोक तिच्या बिया भाजून खातात. हे मी काकूंना सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं. म्हणून पुढे जोडलं, "आपल्याकडची ती नव्हे."

"मी कशाला खाते? अण्णाचं बघून पोट भरलंय माझं. दोन्ही वेळचं."

"दोन्ही वेळचं म्हणजे?"

"लहानपणी खाल्ली, आणि म्हातारपणी लावली!"

ही गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. त्या दिवशी सबंध ऐकायला मिळाली. रोह्यापलीकडे डोंगराच्या अंगाला अण्णांची वरकस जमीन. पूर्वी नाचणी-वरी व्हायची, मग माणसं मिळेनात, तेव्हा नुसतं गवत. २००५-०६ च्या सुमाराला तिथे एक जीप आली. जीपमधून टाय लावलेला मुलगा उतरला. त्याने देवळात सभा घेतली आणि पडद्यावर चित्रं दाखवली. कंपनीचं नाव कशाला घ्या. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, खताशिवाय सोनं पिकणार होतं, हिरवं सोनं. बियांच्या तेलावर आगगाड्या धावणार होत्या. कंपनी रोपं देणार, कंपनीच बी घेणार.

"आणि रोपं म्हणजे काय होतं सांगू? हे!" काकूंनी वईला काठी मारली. "अण्णाच्या चारी बांधांना जे फुकट उभं होतं, तेच पिशवीत घालून त्याने पैसे देऊन घेतलं! वहिनी म्हणाली सुद्धा, अहो हा तर आपला एरंड. तर म्हणे, नाही, हा सुधारित."

हसू आलं खरं, पण अण्णांना एकट्याला मूर्ख ठरवणं बरोबर नाही. त्या दिवसांत सगळा देशच या झाडाच्या नादी लागला होता. ३१ डिसेंबर २००२ ला अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस डिझेलमध्ये ५ टक्के जैवइंधन मिसळून चालवून बघितली. २००३ साली योजना आयोगाच्या समितीचा अहवाल आला. २०११-१२ पर्यंत देशातल्या डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं, आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरांवर हे झाड लावायचं, असं त्यात होतं. राष्ट्रपती कलाम भाषणांतून याची महती सांगत होते. आपल्याकडे नाशिकच्या विनायकदादा पाटलांनी त्याच्याही कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, निलगिरीच्या पाठोपाठ याची लागवड करून पाहिली होती आणि शेतकऱ्यांनाही करायला लावली होती. वनाधिपती म्हणत त्यांना. माजी मंत्री, पण झाडांचं वेड खरं. इतकी मोठी माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा देवळातल्या सभेत अण्णांनी हात वर केला, यात नवल काय?

चूक हिशेबात होती, आणि हिशेब तसा स्वयंपाकघरात बसून मांडता येण्याजोगा होता. बीमध्ये तीस-चाळीस टक्के तेल असतं, पण घाणीतून सगळं निघत नाही, म्हणून एक लिटर तेलाला सुमारे चार किलो बी लागतं. सरकारने १ जानेवारी २००६ पासून जैवइंधन २५ रुपये लिटरने विकत घेण्याचं धोरण लागू केलं. त्या पंचविसातून घाणीचा खर्च, प्रक्रियेचा खर्च, वाहतूक आणि मधल्यांचा वाटा वजा करा, आणि उरलं त्याला चाराने भागा. शेतकऱ्याच्या हाती किलोमागे काय येणार? आणि किलोभर बी गोळा करायचं म्हणजे काय, ते काकूंच्या वहिनींनी केलं होतं.

"एका घोसावर एक बोंड काळं, दोन पिवळी, चार हिरवी, आणि शेंड्याला अजून फुलंच," काकू म्हणाल्या. "भातासारखं एकदा कापून मोकळं व्हायचं नाही. आज चार बोंडं वेचा, आठ दिवसांनी परत डोंगर चढा. बाई लावली तर तिची मजुरी बीच्या किमतीच्या वर."

त्यातून बी धरलंच कमी. हे झाड वाईट जमिनीत मरत नाही, इतकंच खरं होतं. मरत नाही याचा अर्थ फळतं असा कुणीतरी लावला आणि तो अर्थ दिल्लीपासून रोह्याच्या डोंगरापर्यंत पसरला. भरपूर बी हवं तर त्यालाही पाणी लागतं, खत लागतं, चांगली माती लागते. आणि ती माती, ते पाणी असेल तर माणूस भात लावील, वाल लावील, एरंड का लावील? रोह्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पण तो चार महिन्यांत येऊन जातो. मुळाशी पाणी साचलं तर हे झाड कुढतं, आणि कातळावरच्या उन्हाळ्यात पानं गाळून बसतं. माझा स्वतःचा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. शेंगदाण्याचं तेल काढलं की पेंड उरते, ती गुरं खातात, आणि घाणी त्या पेंडीवरही चालते. याची पेंड विषारी. खत म्हणून चांगली, पण गुरांपुढे ठेवायची नाही. ज्या विषामुळे बकरी तोंड लावत नाही आणि म्हणून जे झाड कुंपणाला सोन्यासारखं, तेच विष पेंडीत उतरतं आणि धंद्याचा निम्मा आधार काढून घेतं. कुंपणाच्या झाडाचं शेत करायला निघालं की असं होतं, आणि हे देवळातल्या सभेत कुणीही सांगितलं नाही.

"मग कंपनी?" मला माहीत होतं, तरी विचारलं. गप्पांत विचारायचं असतं.

"कंपनी कसली! पहिल्या वर्षी जीप आली, दुसऱ्या वर्षी फोन उचलला, तिसऱ्या वर्षी तो नंबर भलत्याच कुणाचा तरी झाला. अण्णाने दोन पोती बी माळ्यावर ठेवलं होतं. शेवटी वहिनीने ते वाळवीच्या भीतीने खड्ड्यात पुरलं. पुरलं ते उगवलं! घरामागे अजून उभं आहे."

"विमान मात्र उडालं हो त्याच्यावर."

"कशावर?"

"याच तेलावर. २७ ऑगस्ट २०१८. डेहराडूनहून दिल्लीला, स्पाइसजेटचं. छत्तीसगडच्या पाचशे शेतकरी कुटुंबांकडचं बी होतं, डेहराडूनच्या संशोधन संस्थेत त्याचं इंधन केलं आणि विमानाच्या इंधनात चौथा हिस्सा मिसळलं. त्याच्या आधी २००८ च्या डिसेंबरात न्यूझीलंडवाल्यांनीही एका इंजिनात भरून बघितलं होतं."

काकूंनी पापड उलटता उलटता विचार केला. "म्हणजे उडू शकतं. परवडत नाही."

"तसंच."

"आमच्या चिरंजीवांचंही तेच," त्या म्हणाल्या. यात चिरंजीवांचं काय ते मी विचारलं नाही, पण त्यांनी सांगितलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

तेवढ्यात विहिरीवरच्यांचे दात घासून झाले आणि ते आमच्या दिशेने येताना दिसले. काकूंनी ताबडतोब मोठ्याने पापडाच्या पिठाची चौकशी सुरू केली. मीही पापडखार किती घातला ते विचारलं. ते जवळ आले, वई बघून म्हणाले, "काय, काढणार म्हणे तुम्ही ही? चांगल्या जाड काठ्या आहेत, काढलीत तर मला सांगा. माझ्या बाजूच्या चार-पाच मेल्यात." काकू इतक्या गोड हसल्या, की मी दुसरीकडे पाहिलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "आता तर नाहीच काढत. विहिरीच्या पुढे रस्ता आहे, रस्ताही आत घेतील."

अण्णांचं मी विसरले नव्हते. "त्या वरकसाचं पुढे काय झालं?"

"विकली. तीन वर्षं झाली असतील. मुंबईचा कुणी गृहस्थ आहे, शनिवार-रविवार येतो. अण्णाने त्याच्या आधीच एरंड काढून टाकला होता, मजूर लावून. काढायलाही पैसे लागले बघ. त्या गृहस्थाने तारेचं कुंपण घातलं, बंगला बांधला आणि नर्सरीतून झाडं आणवली. मी गेले होते दिवाळीत, अण्णाने हौसेने दाखवलं. फाटकाशी दोन्ही बाजूंना लाल फुलांची झुडपं, आणि ओटीवर कुंडीत ते फुगलेल्या बाटलीसारखं खोड."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"काकू, ती दोन्ही त्याच जातकुळीतली. जॅट्रोफाच."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही बातमीच. मग विचारलं, "आणि ती कुंडी केवढ्याची असेल गं?"

"चार-पाचशे सहज."

"अगंबाई! आणि पाणी कोण घालतो माहितीय? अण्णाचाच मुलगा. तिथे राखणीला लागलाय."

"पगार देतो का तो गृहस्थ वेळेवर?"

"देतो. एक तारखेला." काकूंनी कडेचा एक पापड मोडून वाळला का ते पाहिलं आणि अर्धा खिंडारातून माझ्या हातात दिला. "त्या डोंगराने अण्णाच्या घरात इतका नियमित पैसा कधी पाठवला नव्हता."